राजाचा ठुमका

बेबीताई निमकरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या गावात म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं आणि ते दर वेळी समोर उभं असतं. लोकांना ते दिसत नाही, एवढंच. पोत्यात खाली भिजका झेंडू आणि वर टवटवीत झेंडू भरणारा सापडला, की ताई भर बाजारात ते पोतं उलटं करतात. एस.टी.त म्हातारीला उभं ठेवून खिडकीशी बसलेला पोट्टा दिसला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण जिभेची धार काही गेली नाही. अशा बाईशी गोड बोलणारे पुष्कळ असतात आणि खरं बोलणारे थोडे.

तिवसा सोडून अमरावतीकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांचा फुलमळा लागतो. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा. मुलगा शुभम टेम्पोतून फुलं अमरावतीला पोचवतो, सून हर्षा हार गुंफते आणि ताई दोघांवर ओरडतात. घर असं चाललेलं आहे, आणि बरं चाललेलं आहे.

या घरात कुत्रं आलं तेही एका माणसाच्या लबाडीने. ताई तेव्हा अमरावतीच्या फूलबाजारात स्वतः बसायच्या. रोज देवाला हार नेणारे एक बँकेतले साहेब होते. बदली झाली तेव्हा त्यांनी आपली पांढरी पामेरियन कुत्री ताईंच्या गाड्याच्या चाकाला बांधली आणि म्हणाले, "दोन दिवस सांभाळा, नेतो." ते साहेब अजून यायचे आहेत. ताईंनी त्यांना शिव्या घातल्या, कुत्रीला दूधभाकर घातली आणि तिचं नाव जाई ठेवलं. तिला पुढे पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. माळ्याच्या घरची म्हणून सगळ्यांची नावं फुलांची.

पिल्लू विकायचं नाही, हा ताईंचा नेम. ज्याला पाहिजे त्याने नारळ घेऊन यावं. मादी असेल तर ताई तिच्या कपाळाला कुंकू लावून, मूठभर ज्वारीने तिची ओटी भरल्यासारखं करून, नेणाऱ्याच्या हाती देत. आणि अट एकच: दर भाऊबीजेला सकाळी पोरीला माहेरी आणायचं. आधी लोक हसले. मग त्यांना त्याची गोडी लागली. तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, कुठून कुठून माणसं त्या दिवशी फटफटीवर कुत्रं बसवून ताईंच्या अंगणात येत. कुत्र्यांना झेंडूचे हार, माणसांना चिवडा. ताई प्रत्येकीला मांडीवर घेऊन वाळली का, फुगली का ते पाहत, आणि वाळली असेल तर मालकाची चंपी करत.

आता धर्मेंद्र. हा ताईंच्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, वहिनी गेली, आणि ताईंचं माहेर म्हणून जे काही उरलं ते हे एवढं एक माणूस, चांदूर रेल्वेला राहणारं. बापाच्या जागी दर भाऊबीजेला तोच ओवाळून घ्यायला यायचा. ताईंनी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. जाईच्या वंशातली त्यांची लाडकी कुत्री शेवंती, तिचा पहिला पांढराशुभ्र नर त्यांनी त्यालाच दिला होता, नारळसुद्धा न घेता.

तो नर म्हणजे राजा.

राजा वर्षाचा झाला तेव्हा चालता चालता मागचा एक पाय वर उचलायला लागला. दोन उड्या तीन पायांवर, मग पाय झटकायचा, मग पुन्हा चार पायांवर सरळ. कोणाला वाटावं, ठेका धरतो आहे. धर्मेंद्रला नेमकं तेच वाटलं. त्याने मोबाईलवर बँडचं गाणं लावलं, खिशात बिस्किटं ठेवली आणि राजाला गाण्यावर पळवलं. पाय उचलला की बिस्किट. त्याची रील काढून टाकली, आणि लोक वेडे झाले. "राजाचा ठुमका, राजाचा ठुमका!" घराच्या भिंतीवर 'राजा डॉग फार्म' असा फ्लेक्स लागला. अकोल्याहून, अमरावतीहून लोक आपल्या कुत्र्या माजावर आल्या की राजाला लावायला चांदूरला येऊ लागले. आणि आता मजा ऐका: त्यांना पिल्लूही ठुमका मारणारंच पाहिजे! सरळ चालणारं पिल्लू मागे राहायचं, लंगडत चालणारं आधी जायचं. 'हे अस्सल राजाचं,' म्हणायचे.

बैल घेताना हीच माणसं काय करतात? दात मोजतात, खूर उचलून पाहतात, दहा पावलं चालवून पाहतात. चालताना जरा कचरला, तर मालक फुकट देत असला तरी हात लावत नाहीत. आणि कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यांची अक्कल गहाण! पण त्यांना एकट्यांना काय म्हणायचं? तो ठुमका ताईंच्या अंगणातही दोन भाऊबिजा होऊन गेला आणि ताईंनीही तो पाहून पदराआड हसून घेतलं होतं.

हसू थांबलं ते अबोलीमुळे. अबोली राजाची लेक. हर्षाने हौसेने चांदूरहून आणली होती. दीडेक वर्षाची असेल. एका सकाळी ती खाटेवरून उडी मारून खाली आली आणि अशी किंचाळली, की हर्षाच्या हातातला हार सुटला. पाय आत वळला होता आणि तो सरळ होईना. ताईंनी आधी हर्षाला झापलं, मग खाटेला, मग शुभमला टेम्पो काढायला लावून अकोला गाठलं. शेवंती ताईंवाचून घरी थांबायची नाही, म्हणून तीही बरोबर.

अकोल्याच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात आचल नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने अबोलीला आडवं केलं, पाय हलकेच सरळ केला आणि अंगठ्याने गुडघ्यावर दाबलं. कट् असा बारीक आवाज झाला.

"मावशी, ही गुडघ्याची वाटी," ती म्हणाली. "ती एका खाचेत वरखाली सरकायला पाहिजे. हिची खाच उथळ आहे, म्हणून वाटी घसरून बाजूला जाते. गेली की पाय वर, परत आली की पाय खाली. पुढे पुढे परत येतच नाही."

"कायनं झालं हे? पडली कुठं?"

"पडून नाही. जन्माचं आहे. आईबापाकडून येतं. हिचा बाप कसा चालतो?"

ताईंनी शुभमला कोपर मारलं. शुभमने मोबाईल काढला आणि रील दाखवली. आचलने ती पाहिली, आणि तिच्या तोंडाकडे पाहून ताईंना कळायचं ते कळलं.

"हे नाचणं नाही, मावशी," ती म्हणाली. "हे दुखणं आहे."

ताईंच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. "अन् लोकं याले बिस्किट चारून राहिले! त्या धर्म्याचं थोबाड रंगवतो मी!" दवाखान्यात बसलेली दोन मांजरं टोपलीत दडून बसली म्हणतात.

"त्याला ओरडा," आचल म्हणाली, "पण त्या कुत्र्याच्या आईचा गुडघा कोणी पाहिलाय का?"

राजाची आई म्हणजे शेवंती. ती ताईंच्या पायाशीच बसली होती. आयुष्यात कधी लंगडली नाही, मळ्यातून सरळ धावणारी. ताईंनी ऐटीत तिला उचलून टेबलावर ठेवलं. आचलने तिचा पाय धरला, अंगठा ठेवला.

कट्.

"हिची हलकी आहे. दाबलं तर सरकते, सोडलं की आपोआप जागेवर जाते. हिला स्वतःला त्रास नाही. पण पिल्लांना हिच्याकडूनच जातंय. मागच्या पायांना हात लावल्याशिवाय हे कळत नाही, मावशी. वर्ष उलटलं की तपासायचं, दोन्ही गुडघे पक्के असतील तरच लावायचं. आणि ज्या जोडीला अशी पिल्लं झाली, ती जोडी पुन्हा नाही."

दुसऱ्याचं ते कार्टं आणि आपला तो बाब्या, असं करायची सोय उरली नाही. घरी येईपर्यंत ताई एक शब्द बोलल्या नाहीत. बडनेऱ्याजवळ एका ट्रकने टेम्पोला कट मारला तरी बोलल्या नाहीत, तेव्हा शुभमला भीती वाटली. घरी पोचल्यावर मात्र तोंड सुटलं. "झेंडूचं बी धराचं असलं, तं मर रोग लागलेल्या वाफ्यातलं धरतो का आपण? नाई धरत! मग हे कावून केलं मी? पांढरं दिसते म्हून? गोजिरं दिसते म्हून?" राग होता तो स्वतःवर, ऐकत होती ती बिचारी हर्षा.

शेवंती पुन्हा माजावर यायची वाटसुद्धा ताईंनी पाहिली नाही. त्याच आठवड्यात अकोल्याला नेऊन तिची पिशवी काढून आणली. शेवंतीच्या पुढच्या वेतातलं पिल्लू घ्यायला नारळ घेऊन बसलेली माणसं होती. त्यांना दारातूनच परत पाठवलं. आचलकडून त्या गुडघ्यावर हात ठेवून पाहायला शिकून आल्या होत्या. बरोबर शिकलात का म्हणून तिने दोनदा तपासून घेतलं आणि बजावलं, शंका आली तर इकडे आणा, स्वतःच न्यायनिवाडा करू नका.

मग ताई आपल्या लेकींच्या सासरी निघाल्या. गावोगाव. दारात उभं राहून म्हणायच्या, "पोरीचा पाय दाखव." काहींनी दाखवला, काहींनी चहा पाजून टाळलं. राजाची जितकी पिल्लं हाती लागली त्यातली थोडकीच पक्की निघाली. खाण तशी माती. धामणगाव रेल्वेला धान्याच्या अडतीवर नत्थुजी नावाचे म्हातारे आहेत, त्यांच्याकडे जाईच्या जुन्या वंशातला एक नर होता, झेंडू. रंगाने मळकट पिवळा, एक कान पडलेला, कोणी कधी त्याच्याकडे कुत्री आणली नाही. वय झालं तरी पोत्यांच्या थप्पीवर चढायचा, उतरायचा. ताईंनी हात ठेवला. वाटी जागची हलेना. दुसरा पाय, तोही तसाच. नत्थुजींना वाटलं, बाई आता कशावरून तरी ओरडणार. ताई तर कुत्र्याच्या गळ्यात पडून रडल्या. पुढे अकोल्यात आचलनेही त्याला पास केलं, आणि घरची पक्क्या गुडघ्यांची मोगरा नावाची कुत्री त्याला लावली. पिल्लं मळकट निघाली. लोक हसले. "पामेरियन हाये का गावठी?" ताई म्हणाल्या, "चालणारी हाये."

पण नत्थुजींचा एक झेंडू काय करणार? तिकडे चांदूरला राजा दर महिन्याला लावला जात होता. आणखी दोन-तीन वर्षं हे असंच चाललं, तर तीन तालुक्यांत पांढऱ्या कुत्र्याचा एकही गुडघा शाबूत राहणार नव्हता. राजाला थांबवायला पाहिजे होतं. आणि राजा ज्याचा, तो ताईंचं उरलंसुरलं माहेर होता.

त्या चांदूरला गेल्या. रागाला आवर घालून, चार घास जेवून, मग बोलल्या. सगळं सांगितलं. शेवंतीची पिशवी काढली तेही सांगितलं. धर्मेंद्र ऐकत होता आणि मोबाईलवर बोट फिरवत होता.

"मंग ऑपरेशन करून घेतो ना त्याच्या पायाचं," तो शेवटी म्हणाला. "पाय सरळ झाला, की टेन्शन खतम."

"ऑपरेशन पायाचं होते रे बाबा. रक्ताचं नाई होत. पाय शिवला तरी पिल्लाले जायाचं ते जाईनच. त्याले खच्ची कर."

"राजाले? खच्ची?" धर्मेंद्र असा दचकला, जणू सुरी त्याच्यावरच चालणार होती.

"तुह्या बापानं जन्मभर गोऱ्हे खच्ची करून बैल केले. तवा नाई दचकला कोणी!"

"आत्या, ते बैल. हा स्टार हाये. लोकं नाव घेतात माह्यं."

"लोकं लंगड्याले पाह्यून टाळ्या वाजवते, अन् तू नाव म्हणतं त्याले!"

हे भांडण असं तासभर चाललं आणि जिथून सुरू झालं तिथेच संपलं. धर्मेंद्र 'बघू' म्हणाला. हा 'बघू' शब्द ज्याने काढला त्याला ताईंच्या ताब्यात द्यायला पाहिजे.

भाऊबीज आली. अंगण कुत्र्यांनी आणि माणसांनी भरलं. यंदा हारांच्या आधी ताई प्रत्येकाच्या गुडघ्यावर हात ठेवत होत्या. ज्याचा सरकला त्याला तोंडावर सांगत होत्या: "प्रेमानं सांभाळ. पण वेत घेऊ नको." दोघं-तिघं रुसून, हार न घेता गेले. धर्मेंद्र आला तो ऐन गर्दीत, नवी साडी घेऊन आणि राजाला बगलेत मारून. पाटावर बसला. समोर कोणाला तरी मोबाईल धरून उभं केलं, आत्या ओवाळताना रील पाहिजे म्हणून.

ताईंनी कुंकू घेतलं, निरांजन पेटवलं, तबक उचललं आणि हात तिथेच थांबवला.

"ओवाळणीत साडी नको मले."

"मंग काय पाह्यजे? माग तू. भाऊबीज हाये, नाई म्हणत नाई." सगळीकडे ऐकू जाईल असं तो म्हणाला.

"राजाले खच्ची कर. कवा करशीन ते तू ठरव. पण आता सगळ्याइच्या समोर हो म्हण, मंगच ओवाळतो."

 आपल्याकडे बहिणीच्या तबकाला भाऊ नाही म्हणत नाही. ताईंनी तो मान धर्मेंद्रच्या गळ्यात दाव्यासारखा अडकवला होता. हे बरं केलं का वाईट, त्यावर गावात अजून दोन तट आहेत. धर्मेंद्रचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

"राजा कोणाच्या पोटचा हाये?" तो उठला. "तुह्याच शेवंतीचा ना? खोट तुह्या घरातून आली अन् सजा मले? चार लोकांत इज्जत काढली माही. आजपासून मले आत्या नाई!"

"व्हय, माह्याच घरातून आली! म्हून तं माह्या घरापासून सुरू केलं! तू कुठून सुरू करशीन ते सांग!"

 त्याने साडी पाटावर टाकली, राजाला उचललं आणि निघून गेला. कपाळ कोरडंच. ताईंच्या हातातलं तबक तसंच जळत राहिलं. हर्षाने ते हळूच काढून घेतलं. त्या दिवशी ताई कोणावर ओरडल्या नाहीत. साडीची घडी त्यांनी मोडली नाही आणि कोणाला मोडू दिली नाही. आता माहेर संपलं, असं त्या हर्षाला एकदाच म्हणाल्या.

थंडी पडली. एके सकाळी हर्षा फुलं तोडायला निघाली तर मळ्याच्या फाटकाला राजा बांधलेला. वाटेवरच्या गवताची कुसळं अंगभर, मागचा डावा पाय पोटाशी घेतलेला. पाय आता वर गेला होता तो खाली येतच नव्हता. ठुमका संपला होता. गाणं लावलं तरी त्याला ठेका धरता येईना, हे नंतर कळलं. आणि नाचत नाही तो राजा काय कामाचा? खच्ची कर म्हणून जो मागितला होता, तो धर्मेंद्रने मोडल्यावर आणून दिला होता. ही ताईंची ओवाळणी!

ताईंना वाटलं असेल धर्मेंद्रच्या घरी जाऊन फ्लेक्स फाडावा. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत तबक, निरांजन, कुंकवाची डबी आणि काडेपेटी भरली. "हे कायले?" हर्षाने विचारलं. "तू तुह्यं काम कर," ताई म्हणाल्या.

अकोल्यात आचलने राजाचे दोन्ही गुडघे पाहिले. दोन्हींचं ऑपरेशन करावं लागेल, पुढच्या आठवड्यात आणा, तेव्हाच खच्चीही करून टाकू, म्हणाली. चालेल, पण हळू. परतताना ताईंनी शुभमला टेम्पो चांदूरकडे वळवायला लावला.

धर्मेंद्रच्या अंगणात पाहुणे होते. अकोल्याच्या रागिणीबाई आणि त्यांची जूली नावाची पांढरी कुत्री. धर्मेंद्रच्या हातात दुसरा एक नर होता, सुलतान, राजाचाच लेक. फ्लेक्सवर राजाच्या जागी त्याचा फोटो लागलेला. फाटकातून ताई आत आल्या: एका हातावर राजा, दुसऱ्या हातात पिशवी. धर्मेंद्रने घाईने सुलतानला खाली ठेवलं.

"तू तुही ओवाळणी देऊन गेला," ताई म्हणाल्या. "माही ओवाळाची राह्यली होती. पाट मांड."

पाहुण्यांसमोर काय करणार? त्याने पाट मांडला आणि बसला. ताईंनी राजाला खाली सतरंजीवर ठेवलं, तबक लावलं, निरांजन पेटवलं. सगळं दात आवळून. रागिणीबाईंना वाटलं, घरगुती काही कार्यक्रम असेल. वेळ जावा म्हणून त्यांनी मोबाईल काढला.

"धर्मेंद्रभाऊ, आमाले हे असंच पाह्यजे बरं का," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि राजाची जुनी रील लावली. बँडचं गाणं वाजायला लागलं.

राजाचे कान उभे झाले. तो धडपडत उठला. डावा पाय वर होताच. त्याने उजवा टेकवला, एक उडी मारली. तो पायही आत वळला. तो कोसळला, केकाटला आणि पुन्हा उठला. पुन्हा उडी. डोळे लागलेले धर्मेंद्रच्या खिशाला, जिथे बिस्किटं असायची.

"बंद कर ते! बंद कर!" ताई अशा ओरडल्या की गल्लीतली माणसं दारात आली. रागिणीबाईंनी घाबरून मोबाईल दाबला. गाणं थांबलं. राजा थांबला नाही. त्याला वाटलं असेल नीट जमलं नाही, म्हणून बिस्किट मिळालं नाही. तो आणखी एकदा उठला.

"पाह्य," ताई धर्मेंद्रला म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "पाह्य ना! काढ रील! हाच तुहा ठुमका!"

धर्मेंद्र पाटावरून उठला, गुडघ्यांवर खाली बसला आणि त्याने राजाला दोन्ही हातांनी धरून थांबवलं. खिशातून बिस्किट काढून त्याच्या तोंडात दिलं.  मग मान वर न करता त्याने सुलतानला ताईंच्या पुढ्यात सरकवलं.

"यालेबी हात लाव आत्या."

ताईंनी सुलतानचा पाय सरळ केला, अंगठा ठेवला. रागिणीबाई वाकून पाहत होत्या.

"सरकते," ताई म्हणाल्या.

धर्मेंद्र रागिणीबाईंकडे वळला. "ताई, तुमी जूलीले घेऊन जा. अथी नाई जमत आता." मग जरा थांबून म्हणाला, "धामणगावले नत्थुजी म्हून हायेत. त्याइच्याकडचा पिवळा हाये. पण आधी अकोल्यात जूलीचे गुडघे दाखवा."

त्या गेल्या तेव्हा निरांजन वाऱ्याने विझलं होतं. ताईंनी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. धर्मेंद्र राजाला मांडीवर घेऊन मातीतच बसला होता.

"आता पाटावर बस ना बैताडा!" ताई खेकसल्या. "इतक्या खाली वाकून कुंकू लावाले माहे गुडघे काही धड नाई राह्यले."

तो राजाला घेऊन पाटावर बसला. ताईंनी आधी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, मग राजाच्या, आणि ओवाळताना दोघांनाही शिव्या देत राहिल्या.